सकाळचे दोन तास द्या : उद्यान विभागाला एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. उद्यान अधीक्षक,
महानगरपालिका.

विषय : सार्वजनिक उद्यानात ठराविक जागेत, ठराविक वेळी पाळीव कुत्र्यांना पट्टा काढून मोकळं सोडण्याची परवानगी मिळण्याबाबत.

सादर नमस्कार.

या पत्रात मी शहराचं आणि उद्यानाचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, कारण याच विषयावरचे माझे दोन अर्ज तुमच्या आवक विभागाच्या शिक्क्यासह माझ्यापाशी आहेत. बाकीच्यांना ते कळायची गरज नाही. गेल्या वर्षभरात नातेवाइकांकडे जाण्याच्या निमित्ताने मी आणखी तीन शहरांतल्या बागा पाहिल्या आणि तिन्हीकडे फाटकावर ‘कुत्रे आणण्यास सक्त मनाई’ हाच मजकूर होता. तेव्हा ज्या ज्या उद्यान विभागाच्या फाटकावर तो आहे, त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्याला आलंय असं समजावं.

मी ५७ वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमान जाऊन चार वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि खारी राहतो. खारी ही देशी कुत्री. ऑगस्टच्या पावसात बेकरीशेजारच्या हातगाडीखाली दोन महिन्यांचं पिल्लू कुडकुडत बसलं होतं. रंग अगदी भट्टीतून नुकत्याच निघालेल्या खारीचा, म्हणून तेच नाव पडलं. आज ती साडेपाच वर्षांची आहे. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दरवर्षी दिली जाते आणि तुमच्याच आरोग्य खात्याने दिलेला परवाना मी दरवर्षी वेळेत नवा करून घेते.

उद्यानाच्या मागच्या बाजूला, रोपवाटिकेच्या पलीकडे, बंद पडलेल्या कारंज्याजवळ एक मोकळा तुकडा आहे. जॉगिंग ट्रॅक तिथपर्यंत जात नाही, बाक नाहीत, खेळणी नाहीत. दहा-बारा गुंठे असेल. माळीकाका पावणेसहाला मागचं फाटक उघडायचे आणि आम्ही आत जायचो. चौदा-पंधरा कुत्री, वीसेक माणसं. फाटक ओढून घेतलं की पट्टे निघायचे. सात-सव्वासातला पट्टे पुन्हा लागायचे, आपापल्या कुत्र्याची घाण उचललेली असायची आणि आम्ही बाहेर पडायचो. लाफ्टर क्लबची मंडळी साडेसातला यायची. पाच वर्षं हे असंच चाललं. लेखी परवानगी नव्हती हे खरं आहे, आणि आम्ही ती आधीच मागायला हवी होती हेही खरं आहे.

पट्टा काढल्यावर काय होतं, ते कधी पाहिलं नसेल तर सांगते. खारी आधी अंग झटकते. मग दुसऱ्या कुत्र्यासमोर जाऊन पुढचे पाय जमिनीवर पसरते आणि मागचा भाग वर ठेवून शेपूट हलवते. ‘चल, खेळू या’ असं सांगायची ती त्यांची पद्धत आहे, आणि ती जगभरच्या कुत्र्यांना कळते. मग धाव. कान मागे, पोट जमिनीला लागेल इतकं खाली, कारंज्याला मोठा वळसा घालून परत. अशा पाच-सात फेऱ्या झाल्या की ती येऊन माझ्या पायावर धाप टाकत पडते आणि उरलेला दिवस घरात शांत असते. पट्ट्याने तासभर चालवूनही ही शांतता येत नाही. माझ्या चालीने चालणं हा तिच्यासाठी व्यायामच नव्हे. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आहेत. त्यांच्याकडे सोलापूरकडच्या गावाहून आणलेला कारवानी आहे. लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा. सशामागे धावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या जोपासलेली ही जात. त्याला साखळीने डांबरी रस्त्यावर चालवणं म्हणजे शर्यतीच्या खोंडाला घाण्याला जुंपणं.

आणखी एक गोष्ट मला तिथे शिकायला मिळाली. रस्त्यावर खारी दुसरं कुत्रं दिसलं की भुंकायची, झेपावायची. मला वाटायचं, हिचा स्वभावच तापट. एका प्रशिक्षकाने समजावून सांगितलं, की मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत. ती कडेने, वळसा घेऊन जातात, बाजूने वास घेतात, नको वाटलं तर निघून जातात. पट्टा ताणलेला असला की हे काहीच करता येत नाही. मान वर, छाती पुढे, नजरेला नजर, आणि निघून जायची वाट बंद. त्या अवघडलेपणातून भुंकणं येतं. मागच्या तुकड्यात मोकळं खेळायला लागल्यावर तीन महिन्यांत खारीचं रस्त्यावरचं भुंकणं जवळपास थांबलं. माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांनी सोसायटीत तिच्याविरुद्ध तक्रार केली होती, त्यांनीच एक दिवस विचारलं, ‘आजारी आहे का हो ती? आवाज नसतो हल्ली.’

आणि माणसांचं म्हणाल, तर यजमान गेल्यावर पहिल्या वर्षी दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोलायचे. त्या तुकड्याने मला माणसं दिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, आमचे चालकसाहेब, एका डॉक्टरबाईंच्या लॅब्रॅडॉरला फिरवायला आणणाऱ्या त्यांच्या घरच्या मदतनीस मावशी, शाळेत जाण्याआधी बापाबरोबर येणारी दोन भावंडं. एरवी आम्ही एका ओळीत कुठेही उभे राहिलो नसतो. मला डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस खारीला या लोकांनी पाळीपाळीने नेलं-आणलं. चालकसाहेब तीन जिने चढून यायचे, गुडघे दुखत असताना.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी मागच्या फाटकाला कुलूप होतं आणि पुढच्या फाटकावर नवा फ्लेक्स होता : ‘उद्यानात कुत्रे आणण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन केल्यास दंडात्मक कारवाई करण्यात येईल.’ खाली तारीख नाही, सही नाही, ठराव क्रमांक नाही. पट्टा लावून मुख्य वाटेने चालवायलाही बंदी. माळीकाका मान खाली घालून म्हणाले, ‘ताई, वरून आलंय.’

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, न विचारता निर्णय घेतल्याची. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांप्रमाणे आपल्याकडेही २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासक होते. या सगळ्या काळात वॉर्डाला नगरसेवक नव्हता आणि ज्याच्या दारात जाऊन बसावं असं कुणी नव्हतं. मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि तीन गोष्टी विचारल्या. बंदी कोणत्या ठरावाने आली? तक्रारी किती आणि कशाबद्दल? या उद्यानात पाळीव कुत्रा चावल्याची किती प्रकरणं नोंदली गेली? तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. बंदी वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार. तक्रारी पाच : तीन घाणीबद्दल, एक भुंकण्याबद्दल, एक बाकाखाली झोपणाऱ्या भटक्या कुत्र्यांबद्दल. चावल्याची नोंद निरंक. या पाच जणांना किंवा आम्हा वीस जणांना कुणीही बोलावलं नाही. समोरासमोर बसलो असतो तर घाणीच्या तीन तक्रारी आम्ही एका आठवड्यात मिटवल्या असत्या.

दुसरी तक्रार कायद्याची आहे आणि मी तिच्यावर थोडा वेळ घेणार आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्यातल्या कलम ११ मध्ये क्रूरता म्हणजे काय याची यादी आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. फ्लॅटमधलं कुत्रं दिवसाचे बावीस तास चार भिंतींतच असतं. म्हणजे त्याला धावायला नेणं हे माझं कर्तव्य आहे, आणि ते नाही केलं तर गुन्हेगार मी. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे, पण दंडाची रक्कम हा माझा मुद्दाच नाही. संसदेने मला सांगितलं, हिला व्यायाम दे. माझ्या घरापासून चालत जाता येईल अशी एकच मोकळी, कुंपणाच्या आतली जागा आहे आणि ती तुमच्या ताब्यात आहे. तिथे तुम्ही सांगता, हिला आणू नकोस. मी हे कर्तव्य कुठे पार पाडावं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बागांमध्ये पाळीव प्राण्यांना बंदी घालणं अदूरदर्शी आहे, व्यायाम मिळालेलं कुत्रं कमी भुंकतं आणि कमी आक्रमक असतं, आणि गैरसोय टाळायची तर वाजवी वेळ ठरवून द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. त्या सूचना सोसायट्यांसाठी आहेत, महापालिकेला त्या बंधनकारक आहेत असा दावा मी करत नाही. पण सोसायटीच्या हातभर हिरवळीसाठी जे शहाणपणाचं, ते आठ एकरांच्या उद्यानासाठी नाही, असं कसं?

तिसरी तक्रार लिहिताना हात थांबतो. बागेचं दार बंद झालं म्हणून कुत्र्यांचं बाहेर पडणं थांबलं नाही, ती रस्त्यावर आली. आमच्याकडचा रस्ता पहाटे भाजी मार्केटच्या टेम्पोंचा आहे. पदपथ अर्धा पार्किंगने आणि अर्धा खोदकामाने गेलेला. फेब्रुवारीत एका सकाळी मावशी लॅब्रॅडॉरला घेऊन निघाल्या होत्या. मागून हॉर्न वाजला, कुत्रं दचकलं, पट्टा हातातून सुटला. टेम्पोवाल्याचा दोष नव्हता. त्याने ब्रेक मारला होता, तो खाली उतरला, त्यानेच आपल्या गाडीतून कुत्र्याला दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ते गेलं. मावशी पट्टा ओढून धरायच्या प्रयत्नात पडल्या होत्या, त्यांचं मनगट मोडलं; दोन महिने चारही घरची कामं बंद. पाच वर्षं ते कुत्रं त्या तुकड्यात रोज धावलं आणि त्याला एक ओरखडा उठला नव्हता.

चौथी. उद्यान सगळ्यांचं आहे आणि म्हणूनच ते वेळेने वाटलेलं आहे. साडेसहाला योगवर्ग, साडेसातला लाफ्टर क्लब, संध्याकाळी बॅडमिंटन, रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग. लग्नसराईत तर लॉन भाड्याने जातं आणि त्या दिवशी फिरायला येणारे पलीकडून जातात. आपल्या शहरांत पाणी वेळेने येतं, मैदान वेळेने मिळतं, आणि लोक ते पाळतात. मग याच एका उपयोगासाठी वेळ ठरवण्याऐवजी सरसकट बंदी का आली?

पाचवी तक्रार गोंधळाबद्दल आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, गंभीर आहे आणि वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला. देशभर चर्चा पेटली. तेव्हापासून ‘कुत्रा’ हा शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी रोज पाहते. पण तुमच्या फलकाने अडवलं कुणाला? लस दिलेल्या, परवाना असलेल्या, मालक सोबत असलेल्या कुत्र्यांना. बाकाखाली झोपणारी चार भटकी कुत्री आजही तिथेच झोपतात, कारण त्यांना फलक वाचता येत नाही. त्यांच्यासाठी नसबंदी आणि लसीकरणाचे २०२३ चे नियम आहेत आणि ते राबवणं तुमचं काम आहे. त्यात आमची मदत लागली तर घ्या. त्या चौघांपैकी दोघांची नसबंदी आमच्याच गटाने वर्गणी काढून करून घेतली आहे.

आता आमच्या चुका. त्या लपवून हे पत्र पुरं होणार नाही.

आमच्यातले सगळेच घाण उचलत नव्हते. दोघे-तिघे फोनमध्ये डोकं घालून उभे असायचे. आम्ही त्यांना बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना त्याचा धोका असतो. ही फक्त किळस येण्याची बाब नाही. ज्यांनी तक्रार केली त्या तिघांचं बरोबर होतं.

आणि एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फाटक नीट ओढलं गेलं नव्हतं. खारी बाहेर धावली आणि ट्रॅकवर आजीबरोबर आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलासमोर जाऊन उभी राहिली. तिने काही केलं नाही, शेपूट हलवत होती. पण तो मुलगा भिंतीला चिकटून उभा होता, रडायचाही आवाज निघत नव्हता. त्याच्या आजी मला म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत आहे ती काही करत नाही. त्याला कसं माहीत असणार?’ मी माफी मागितली. तो मुलगा त्यानंतर महिनाभर बागेत आला नाही. त्या मुलाला बागेत न घाबरता येता यावं, हे माझ्या कुत्रीच्या धावण्याच्या आधी येतं. याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. म्हणून मी परवानगीइतकंच कुंपणही मागते आहे. ‘आमचं कुत्रं काही करत नाही’ या वाक्यावर कुणाचीही सुरक्षितता अवलंबून राहू नये.

हे जमतं का, असा प्रश्न तुमच्या कार्यालयात मला विचारला गेला. जमतं. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला फक्त कुत्र्यांसाठी उद्यान उघडलं. १.३ एकरांची ती जागा आधी कचरा टाकण्याची होती, खर्च सुमारे १.१ कोटी रुपये. १.३ एकर म्हणजे बावन्न गुंठे. आम्ही त्याच्या पाव भागही मागत नाही आणि आम्हाला कारंजी, पूल, झोपाळे नकोत. बंगळुरूच्या कब्बन पार्कात २०२२ मध्ये पाळीव कुत्र्यांवर बंदीची घोषणा झाली, नागरिकांनी विरोध केला आणि ती मागे पडली.

परदेशातलं एक उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते जागेपेक्षा वेळेचं आहे. न्यूयॉर्कमध्ये डॉग रन, म्हणजे कुत्र्यांना मोकळं धावू देण्यासाठी कुंपण घातलेल्या जागा आहेत, टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कातली पहिली १९९० ची. पण जिथे कुंपण नाही अशा मोठ्या उद्यानांतल्या नेमून दिलेल्या भागांत, सेंट्रल पार्क आणि ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कातही, उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर बंद होईपर्यंत कुत्री पट्ट्याशिवाय सोडता येतात. परवाना आणि रेबीज लसीचा पुरावा सोबत लागतो. ही सवलत अनेक वर्षं नुसत्या रिवाजाने चालत होती, अगदी आमच्या मागच्या तुकड्यासारखी. तिच्यावर आक्षेप आला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००७ मध्ये शहराने ती रीतसर नियमात बसवली. रिवाज अडचणीचा वाटला तेव्हा त्या शहराने त्याचा नियम केला. माझी तुमच्याकडून एवढीच अपेक्षा होती.

आपलं हवामान वेगळं आहे, हे मान्य. म्हणूनच तर सकाळची वेळ मागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांत, बाकी सगळा भार धापेवर. एप्रिल-मेमध्ये आठनंतर डांबरावर तळहात टेकवून पाहा, किती वेळ टेकवता येतो. त्या उन्हात कुत्रं पळवणं धोक्याचं आहे. आमच्याकडे वर्षातले चार महिने पहाटेचे दोन तास सोडले तर दुसरी वेळच नाही.

मागण्या सरळ आहेत.

१. तारीख, सही आणि ठराव नसलेला फलक उतरवावा. वॉर्डात खुली बैठक घ्यावी. ज्येष्ठ नागरिक संघ, लहान मुलांचे पालक, तक्रार करणारे पाच जण आणि आम्ही, सगळ्यांना एकाच दिवशी बोलवावं.

२. मागच्या तुकड्यात उद्यान उघडल्यापासून सकाळी आठपर्यंत आणि रात्री बंद होण्याआधीचा एक तास, कुत्र्यांना पट्टा काढून सोडण्याची परवानगी द्यावी. बाकी उद्यानात पट्टा सक्तीचा असावा. खेळणी, मुलांचा भाग आणि योगाचा कट्टा इथे पट्ट्यानेही प्रवेश नको. ते आम्हाला मान्य आहे.

३. त्या तुकड्याला पाच फुटी जाळीचं कुंपण घालावं, जाळीचा खालचा काठ जमिनीत पुरलेला असावा, नाहीतर कुत्री उकरून बाहेर पडतात. प्रवेशाला एकामागे एक दोन फाटकं असावीत. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पट्टा मधल्या जागेत काढायचा आणि मधल्या जागेतच लावायचा. ही साधी सोय दोन वर्षांपूर्वी असती तर त्या मुलाला तो प्रसंग आला नसता. लहान जातीच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी एक छोटा कोपरा वेगळा काढावा. एक नळ, झाकणाच्या दोन कचरापेट्या आणि चिखल होऊ नये म्हणून मुरूम. निधीची अडचण असेल तर जाळीचा आणि फाटकांचा खर्च आम्ही वर्गणीतून उभा करू. तसं लेखी आम्ही दुसऱ्या अर्जातच दिलं आहे.

४. आमच्यावर अटी घालाव्यात आणि त्या कडक असाव्यात. परवाना आणि चालू वर्षाची रेबीज लस नसेल तर प्रवेश नाही. परवान्याचा बिल्ला गळपट्ट्यात दिसला पाहिजे. लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं आणि माजावर आलेली मादी आणायची नाही. एका माणसामागे दोनच कुत्री. मालकाने जागा सोडायची नाही. अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला एकदा ताकीद, दुसऱ्यांदा प्रवेश बंद. घाण न उचलणाऱ्याला जागेवर दंड, आणि तो दंड इतका असावा की माणूस पुन्हा पिशवी विसरणार नाही. माझ्या कुत्रीने कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, मला होऊ शकतात. ती जबाबदारी मी आजही घेते आणि परवानगी मिळाल्यावरही घेईन.

५. सहा महिने प्रयोग म्हणून करावं. फाटकावर नोंदवही ठेवावी : कोण आलं, किती वाजता गेलं, काय तक्रार झाली. महिन्यातून एकदा ती वही ज्येष्ठ नागरिक संघाचा एक प्रतिनिधी, एक पालक, एक पशुवैद्यक, तुमचा अधिकारी आणि आमच्यातला एक जण, अशा पाच जणांनी मिळून तपासावी. सहा महिन्यांनी वहीत दिसेल त्यावरून निर्णय घ्यावा. तो आमच्या विरोधात गेला तरी कारणं लेखी असतील आणि आम्ही ते मान्य करू.

६. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तोंडी सूचनेवर पाच वर्षांची गोष्ट बंद झाली, आता तरी कागदावर काहीतरी असावं.

एक विनंती माळीकाकांबद्दल. पाच वर्षं फाटक उघडल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागितला गेला असं कानावर आलं. त्यांनी आमच्याकडून कधी चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. जे काही विचारायचं ते मला विचारावं, माझे दोन्ही अर्ज तुमच्याकडे पत्त्यासह आहेत.

आम्ही अजूनही रोज पावणेसहाला मागच्या फाटकाबाहेर जमतो. आत जात नाही, पट्टे काढत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि मग एकेक जण आपापल्या रस्त्याला लागतो. चालकसाहेबांचा कारवानी जाळीतून त्या कारंज्याकडे बघत बसतो आणि त्याला तिथून उठवायला वेळ लागतो. कुठल्याही सकाळी या. लसीची कार्डं आणि परवाने सगळ्यांच्या पिशवीत असतात, तुम्ही सांगाल तेव्हा दाखवू. त्या तुकड्याची मापंही आम्ही टेपने घेऊन ठेवली आहेत : लांबी, रुंदी, नळ किती अंतरावर आहे, दुहेरी फाटक कुठे बसेल. कागद माझ्याकडे आहे, येताना आणते.

आपली नम्र,
एक करदाती नागरिक, खारीची पालक
आणि मागच्या फाटकाबाहेर थांबणाऱ्या आणखी एकोणीस जणांच्या वतीने